परदेशातला आइस हॉकीपटू: ड्राफ्टपासून युरोपातल्या एका वर्षाच्या करारापर्यंत

शिशिरा (धागाकर्ती)

आइस हॉकीबद्दल आपल्याकडे जे थोडंफार लिहिलं जातं ते एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या मोठ्या नावांभोवती फिरतं. पण या खेळावर ज्यांचं पोट आहे त्यातले बहुतेक जण एनएचएलमध्ये नसतात. कोणी अमेरिकेतल्या मध्यम शहरात एएचएल ही तिच्या खालची लीग खेळतो, कोणी सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी गाशा गुंडाळून जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड गाठतो आणि मग दर उन्हाळ्यात नवा करार शोधतो. ही वाट खेळाच्या कसबावर किती ठरते आणि नियम-करारांवर किती?

तपशील हवेत: टप्पे, आकडे, करारातली कलमं, बर्फातला आणि सामानातला फरक. आवडत्या संघांवरची चर्चा कृपया इथे नको.

निळीरेघ

शिडीपासून सुरुवात करतो. सगळ्यात वर एनएचएल: ३२ संघ, साखळीचे ८२ सामने (२०२६-२७ पासून ८४). खाली एएचएल, तिथेही ३२ संघ, प्रत्येकाला ७२ सामने आणि प्रत्येक संघ कुठल्या तरी एनएचएल संघाला जोडलेला. त्याच्या खाली ईसीएचएल, तेही ७२ सामन्यांचं.

आता एक साधं गणित. एनएचएल संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० खेळाडूंशी करार ठेवता येतो. मुख्य पथकात जागा २३. सामन्याला उतरतात १८ स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे) आणि २ गोलरक्षक. म्हणजे एनएचएलचा करार खिशात असलेले साधारण निम्मे खेळाडू रोज एएचएलच्या बसमध्ये असतात. ‘एनएचएल संघाने घेतला’ ही बातमी वाचताना हे गणित डोक्यात असू द्यावं.

ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात. त्याच्या सात फेऱ्या असतात आणि सुमारे २२४ निवडी. ड्राफ्ट म्हणजे नोकरी नव्हे. संघाला त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो, तोही ठरावीक मुदतीपुरता. मुदतीत करार झाला नाही तर हक्क जातो. उलट बाजूने, ड्राफ्ट न झालेल्यालाही दार उघडं असतं. अर्शदीप बैन्सला कोणीच निवडलं नव्हतं. २०२१-२२ मध्ये रेड डियरकडून खेळताना त्याने ११२ गुणांसह (गोल आणि गोलाला केलेली मदत मिळून) डब्ल्यूएचएल या ज्युनियर लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा व्हँकूव्हरने त्याला करार दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. भारतीय वंशाचा पहिला एनएचएल खेळाडू रॉबिन बावा. तो १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून खेळला होता.

पहिल्या कराराची मुदत वयावर ठरते: १८ ते २१ वयात सही केली तर तीन वर्षं, २२-२३ ला दोन, २४ ला एक. पगाराला वरून टोपण असतं. २०२२ आणि २०२३ च्या ड्राफ्टवाल्यांसाठी ते वर्षाला ९,५०,००० डॉलर होतं. यात एक कळीची गोष्ट आहे. १८-१९ वर्षांचा मुलगा त्या हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, पुढे सरकतं. नऊ सामन्यांनंतर चांगला खेळणारा मुलगा ज्युनियर संघात परत का पाठवला, असं लोक विचारतात. त्याच्या खेळापेक्षा दहाव्या सामन्याचा हिशेब तिथे जास्त चालतो.

कोरा_बर्फ

ज्युनियर की अमेरिकन विद्यापीठ, हा निर्णय सोळाव्या वर्षीच घ्यावा लागतो ना? आणि चुकला तर परत फिरता येत नाही, असं ऐकलंय.

निळीरेघ

@कोरा_बर्फ, परवापर्यंत तसंच होतं. कॅनडातल्या सीएचएलमध्ये (ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्वेबेकची लीग मिळून सीएचएल) खेळलात की एनसीएएच्या (अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेच्या) पहिल्या विभागाची हॉकी बंद, कारण सीएचएलला व्यावसायिक धरलं जायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलचे खेळाडू विद्यापीठातही खेळू शकतात. त्यामुळे सोळाव्या वर्षीचा निर्णय आता आयुष्यभराचा राहिला नाही.

निवडताना बघायचं ते वेळापत्रक. सीएचएलमध्ये साठ-सत्तर सामने, लांबचा प्रवास, व्यावसायिक हंगामासारखीच दगदग. विद्यापीठात सामने त्याच्या जवळपास निम्मे, बहुतेक शुक्रवार-शनिवारी, आणि मधले दिवस जिमला आणि सरावाला. उशिरा अंग भरणाऱ्या मुलाला दुसरी वाट मानवते. सीएचएलमधल्या मुलांना खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. पण व्यावसायिक खेळायला लागल्यावर तो ठरावीक मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. हे कलम सही करतानाच वाचावं, चोविसाव्या वर्षी नव्हे.

दशमान

पैशांबद्दल मी लिहितो, कारण गैरसमज इथेच जास्त.

खालच्या पथकातले बरेच करार ‘टू-वे’ असतात: एनएचएलमध्ये असताना एक पगार, एएचएलमध्ये असताना दुसरा. हिशेब दिवसांवर चालतो. हंगाम साधारण १९० दिवसांचा. एनएचएलचा किमान पगार २०२५-२६ मध्ये ७,७५,००० डॉलर होता, म्हणजे दिवसाला चार हजारांच्या आसपास. त्याच कराराची एएचएलची बाजू समजा १,००,००० असेल, तर दिवसाला सव्वापाचशे. वर दहा दिवस राहिला की एएचएलच्या अडीच महिन्यांची कमाई होते. म्हणून ‘वर बोलावलं’ या शब्दांना इतकं वजन.

खाली पाठवताना वेव्हर्स येतात. सूट नसलेल्या खेळाडूला खाली धाडायचं तर बाकीच्या ३१ संघांना त्याला उचलण्यासाठी २४ तास द्यावे लागतात. कोणी उचललं नाही तर तो ‘क्लिअर’ झाला. पण ती मुभा कायमची नसते: नंतर तो एनएचएल पथकात ३० दिवस राहिला किंवा १० सामने खेळला की पुन्हा वेव्हर्स. त्यामुळे सातव्या-आठव्या सामन्यानंतर, चांगला खेळत असतानाही, माणूस खाली जातो. तरुण खेळाडूंना काही वर्षं सूट असते आणि तीच त्यांच्या मुळावर येते, कारण ज्याला फुकट खाली पाठवता येतं त्यालाच आधी पाठवतात.

हातात काय पडतं? पगार फक्त साखळी सामन्यांच्या काळात, महिन्यातून दोनदा. उन्हाळ्यात शून्य. खेळाडूंचा वाटा लीगच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर बांधलेला असल्याने प्रत्येक हप्त्यातून काही भाग एस्क्रोमध्ये अडकवून ठेवतात आणि वर्षअखेरीचा हिशेब झाल्यावर उरलं तर परत देतात. एजंटला साधारण ३ ते ५ टक्के. मग संघराज्याचा कर आणि त्यावर राज्यांचा कर. तोही ज्या राज्यात जितके दिवस काम केलं त्या प्रमाणात, म्हणजे एका खेळाडूची डझनभर विवरणपत्रं. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा, टेनेसी आणि वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा कर नाही, आणि करार करताना हा मुद्दा खरोखर टेबलावर येतो.

ईसीएचएलचा हिशेब निराळाच. पगार आठवड्याचा आणि तुटपुंजा, पण राहायला सामानासकट घर क्लबने द्यायचं असतं. उन्हाळ्यात जिम, बर्फावरचा सराव, कौशल्य प्रशिक्षक हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचं पहिल्या वर्षी चुकतं ते इथे: एप्रिलमध्ये शेवटचा हप्ता येतो आणि पुढचा थेट ऑक्टोबरमध्ये.

शिशिरा

फार उपयोगी. मग मूळ प्रश्नाकडे येते. एएचएलमध्ये चांगले गुण मिळवणारे खेळाडू सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी युरोपला का जातात? खेळ उतरलेला नसतानाही?

निळीरेघ

कारण २६० हा आकडा.

एएचएलच्या नियमाप्रमाणे सामन्यात उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी १३ जण ‘डेव्हलपमेंट’ गटातले असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० किंवा कमी हवेत, आणि एकाला ३२० पर्यंत सूट. उरल्या पाच जागा, अनुभवी खेळाडूंसाठी. एनएचएल, एएचएल आणि युरोपातल्या वरच्या लीगचे सामने यात मोजले जातात. गोलरक्षकांना हा नियम नाही.

आता ७२ ने भागून बघा. फारशा दुखापतींशिवाय खेळणारा मुलगा चौथ्या हंगामात २६० ओलांडतो. विद्यापीठातून बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी आलेला असेल तर तेव्हा तो सव्वीस-सत्तावीसचा असतो, म्हणजे खेळाच्या ऐन भरात. पण पुढच्या हंगामापासून तो आपल्यासारख्या दुसऱ्या आघाडीपटूशी स्पर्धा करत नसतो. संघाच्या पाच जागांसाठी कर्णधार, पॉवर प्ले (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) चालवणारा बचावपटू, एनएचएल संघाने अडीअडचणीला ठेवलेला राखीव, या सगळ्यांशी त्याची गाठ असते. तिसऱ्या फळीतला (आळीपाळीने एकत्र बर्फावर उतरणाऱ्या गटांपैकी तिसऱ्या गटातला) प्रामाणिक, वीस गोल न करणारा खेळाडू तिथेच गळतो. ईसीएचएलमध्ये जावं तर तिथेही अनुभवी खेळाडूंच्या जागा चारच.

म्हणून एजंट तिसऱ्या हंगामाच्या शेवटीच युरोपातल्या क्लबांशी बोलायला लागतात. २६० च्या अलीकडे गेलेला खेळाडू निवड करून जातो, पलीकडे गेलेला मिळेल तिकडे जातो, आणि ते त्याच्या पहिल्या युरोपीय करारात दिसतं.

तिसरी_फळी

एक दुरुस्ती. ‘युरोपला गेला म्हणजे उतरणीला लागला’ असा सूर इथे निघतोय, तो मला मान्य नाही. एसएचएल (स्वीडनची वरची लीग) आणि स्विस नॅशनल लीगमधली वरची फळी एएचएलच्या तोडीची आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या-दुसऱ्या फळीतल्या परदेशी खेळाडूला एएचएलपेक्षा जास्त मिळू शकतं. सामने ५२, प्रवास कमी, बहुतेक रात्री स्वतःच्या घरी झोप. तीस ओलांडलेल्या शरीराला हा फरक मोठा आहे. एएचएलमध्ये तीन रात्रींत तीन सामने, मधे बसप्रवास, हे नेहमीचं.

निळीरेघ

बरोबर आहे, दर्जाबद्दल मला तसं म्हणायचं नव्हतं. मुद्दा परतीच्या दाराचा. एनएचएल हंगाम सुरू झाल्यावर जो युरोपात खेळला, त्याला त्याच हंगामात एनएचएलमध्ये यायचं तर आधी वेव्हर्समधून जावं लागतं. ज्या संघाने बोलावलं त्याच्याकडे तो पोहोचेल याची खात्री नसते. म्हणून सहसा कोणी हात घालत नाही. एकदा सप्टेंबरमध्ये गेलात की वसंतापर्यंत गेलात.

रानवारा

युरोपच्या कराराबद्दल जरा सविस्तर लिहितो. उत्तर अमेरिकेतून आलेला खेळाडू इथे ‘इम्पोर्ट’ असतो आणि बाकी सगळं त्या शब्दातून निघतं.

आधी कोटा. स्वित्झर्लंडच्या नॅशनल लीगमध्ये सामन्याला परदेशी खेळाडू सहा. २०२२-२३ आधी चार होते. जर्मनीच्या डीईएलमध्ये गेली बरीच वर्षं नऊ. लोक इथे पासपोर्टचा घोळ घालतात. आजोबांच्या नावावर आयरिश किंवा इटालियन पासपोर्ट निघाला तर वर्क परमिटची कटकट सुटते, पण जर्मनीत खेळाडू परदेशीच मोजला जातो. जर्मन पासपोर्ट असलेला, कॅनडात वाढलेला बचावपटू म्हणूनच सोन्याच्या भावाने जातो. स्वित्झर्लंडमध्ये लहानपणी काही वर्षं तिथेच हॉकी शिकलेल्याला स्विस परवाना मिळतो, मग पासपोर्ट कुठलाही असो.

कोट्यातली जागा महाग असल्याने तिच्याकडून अपेक्षा वेगळी. स्थानिक खेळाडूला चौथ्या फळीत ठेवून घडवतात. परदेशी खेळाडू गोल करायला, पॉवर प्ले चालवायला किंवा सामन्याची पंचवीस मिनिटं बचाव सांभाळायला आणलेला असतो. दहा सामन्यांत आकडे दिसले नाहीत की स्थानिक वृत्तपत्रात त्याचं नाव येतं, आणि नोव्हेंबरच्या विश्रांतीत क्लब नव्या माणसाच्या शोधात असतो. राष्ट्रीय संघांसाठी नोव्हेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत लीग थांबतात. बदलाबदली होते ती याच काळात.

सही करण्याआधी तपासायची कलमं, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने:

नेट की ग्रॉस. हा पहिला प्रश्न. नेट म्हणजे कर आणि विमा क्लबने भरून हातात पडणारी रक्कम. ग्रॉस असेल तर त्यातून कर, सामाजिक विमा, आरोग्य विमा आणि कधी कधी घरभाडंही जातं. आकडा मोठा दिसतो म्हणून ग्रॉस घेतला आणि जानेवारीत कळलं की नेटचा छोटा आकडा जास्त होता, हे वारंवार घडतं. नेट करारात ‘कर क्लबने भरला’ याचा वर्षअखेरचा दाखला मागण्याचं कलम हवंच. क्लबने कर भरलाच नाही तर कर खातं शेवटी खेळाडूच्या दारात येतं.

घर आणि गाडी. बहुतेक क्लब देतात, पण किती खोल्या, सामानासकट की रिकामं, वीज-हीटिंग कोणाच्या खात्यावर, गाडी कुटुंबाने चालवली तर विमा लागू आहे का, हे सगळं लिहून घ्यावं. तोंडी ‘हो हो, देऊ’ ऑगस्टमध्ये कोणाच्या लक्षात राहत नाही. विमान तिकिटं किती आणि कोणाकोणाची, तेही याच ओळीत.

दुखापत. जर्मनीत आजारपणात पहिले सहा आठवडे पगार मालकाने द्यायचा, हा सर्वसाधारण कायदा आहे. त्यानंतर अपघात विमा संस्था पैसे देते. ही रक्कम पूर्ण पगाराइतकी नसते, म्हणून वरच्या फरकाचा खासगी विमा घेतात. दुसऱ्या देशांत वेगळं असतं. ‘दुखापतीत पगार किती काळ आणि किती टक्के’ हे कलमच नसेल तर सही थांबवावी.

सोडून जाण्याची मुभा. एनएचएलचा करार आला तर कुठल्या तारखेपर्यंत जाता येईल, हे लिहिलेलं असावं. क्लबच्या बाजूचीही तारीख पाहावी. काही करार एका वर्षाचे दिसतात, पण मध्येच एक महिन्याची ‘ट्राय-आउट’ अट लपलेली असते.

अवनती. हे अमेरिकेतून आलेल्याला नवीनच, कारण तिकडे लीगमधून खाली कोणी जात नाही. एसएचएलमध्ये तळाच्या दोन संघांत मालिका होते आणि हरलेला संघ दुसऱ्या पातळीवर जातो. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतही खाली जाण्याचा धोका खरा आहे. दोन वर्षांचा करार असेल तर दुसऱ्या वर्षी संघ खालच्या लीगमध्ये असल्यास काय, हे लिहिलेलं नसेल तर ते दोन वर्षांचं नाही, दीडच वर्षाचं धरावं.

दशमान

@रानवारा, नेटबद्दल एक जोड. नेट करार असला तरी अमेरिकन नागरिकाचा प्रश्न सुटत नाही. अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर मागते. युरोपात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण त्यासाठी तोच क्लबचा दाखला लागतो. कॅनडाचं वेगळं: तिथे नागरिकत्वावर नाही, रहिवासावर कर. घर, गाडी, बँक खाती, बायकामुलं सगळं कॅनडात ठेवून आठ महिने जर्मनीत खेळलात तर कॅनडा म्हणू शकतो की तुम्ही इथलेच. म्हणून पहिल्या वर्षाआधीच दोन्ही देशांची जाण असलेला करसल्लागार गाठावा. एजंटचं ते काम नव्हे.

कोरा_बर्फ

ट्रान्स्फर कार्ड म्हणजे काय? ‘कागद आला नाही म्हणून पहिले तीन सामने बाहेर’ असं वाचनात येतं.

रानवारा

आयआयएचएफचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचं, ट्रान्स्फर कार्ड. एका देशाच्या संघटनेतून दुसऱ्या देशात खेळायला जाताना लागतं. खेळाडू, जुनी संघटना, नवी संघटना या सगळ्यांच्या मान्यतेनंतर ते मिळतं. मर्यादित कार्ड ठरावीक काळापुरतं, साधारण एका हंगामाचं. मुदत संपली की खेळाडू आपोआप जुन्या संघटनेकडे परततो. अमर्यादित कार्डाने पुढची बदली होईपर्यंत तो नव्या संघटनेचाच.

अडतं कुठे? बहुतेक वेळा जुना क्लब म्हणतो की करार अजून संपलेला नाही किंवा पैशांचा वाद बाकी आहे. म्हणून जुना करार संपल्याचं सहीशिक्क्याचं पत्र निघण्याआधीच घ्यावं. वर्क परमिट आणि ट्रान्स्फर कार्ड ही दोन स्वतंत्र कामं आहेत. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. अमेरिकेत जाणाऱ्यासाठी पी-१ व्हिसा. २००६ च्या कायद्याने तो खालच्या लीगच्या खेळाडूंनाही खुला झाला, त्याआधी त्यांना हंगामी मजुरांच्या कोट्यातून जावं लागायचं.

अर्धा_इंच

करारावर भरपूर झालं. बर्फावर काय बदलतं ते लिहितो, कारण पहिल्या दोन महिन्यांत आकडे पडतात ते बहुतेक इथेच.

एनएचएलची रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद, म्हणजे साधारण ६१ बाय २६ मीटर. जुन्या आंतरराष्ट्रीय मापाची ६० बाय ३०. आता युरोपात मधल्या मापाच्या रिंकही आहेत, म्हणून क्लबची रिंक कुठली हे विचारूनच जावं. चार मीटर म्हणजे प्रत्येक बाजूला दोन. कागदावर किरकोळ वाटतात. पण कडेच्या भिंतीपाशी पक (खेळातली रबरी चकती) मिळालेला विंगर (बाजूचा आघाडीपटू) गोलपासून दोन मीटर लांब असतो. तिथून मारलेला फटका गोलरक्षक सहज घेतो. अमेरिकेत पक पुढे फेकून मागे धावायचं आणि धडक द्यायची, हा खेळ तिथे पुरत नाही; धडक द्यायला पोहोचेपर्यंत बचावपटू पक देऊन मोकळा झालेला असतो. मोठ्या बर्फावर पक हातात ठेवून वळायचं, मागे पास द्यायचा आणि पुन्हा वेगाने आत यायचं. ‘मागे पास’ हे अमेरिकेत घडलेल्या हाताला जड जातं.

बचावपटूची चूक ठरलेली: तो कडेकडे ओढला जातो. मोठ्या बर्फावर कड सोडायची आणि मध्य राखायचा. बाहेरून येणारा येऊ दे, धोका आतल्या पासात आहे.

आता धार. स्केटच्या पात्याखाली खोबण असते, तिची त्रिज्या अमेरिकेत इंचात सांगतात. अर्धा इंच म्हणजे खोल खोबण, पकड जास्त, सरक कमी. पाच-अष्टमांश म्हणजे उथळ, सरक जास्त. युरोपात मशीन मिलिमीटरमध्ये असतात: अर्धा इंच म्हणजे साधारण १३, पाच-अष्टमांश म्हणजे १६. सामानवाल्याला ‘नेहमीसारखं’ सांगून उपयोग नाही, आकडा सांगावा. बर्फ कडक, थंड असेल तर थोडी खोल धार, मऊ असेल तर उथळ. वजनदार खेळाडूला उथळ पुरते. धार काढून आली की दोन्ही कडा सारख्या उंचीच्या आहेत ना, हे पात्यावर नाणं आडवं ठेवून पाहायचं. नाणं तिरकं दिसलं तर एका पायावर वळताना घसरणार.

स्टिकचा फ्लेक्स हा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवायला लागणारे पौंड. ८५ चा दांडा दोन इंच कापला की तो ८५ राहत नाही, कडक होतो. संघ बदलताना स्वतःच्या वळणाचा पॅटर्न, लांबी, फ्लेक्स लिहून पाठवावं आणि जुलैतच ऑर्डर द्यावी. खास बनवलेल्या स्टिक यायला आठवडे लागतात. युरोपात क्लबचा एका ब्रँडशी करार असतो आणि हवा तो ब्रँड मिळेलच असं नाही. चार-पाच जुन्या स्टिक बॅगेत नेणं शहाणपणाचं.

तिसरी_फळी

गळ्याच्या संरक्षणाबद्दल कोणीतरी लिहावं. तो विषय राहून जायला नको.

अर्धा_इंच

लिहितो. २८ ऑक्टोबर २०२३ ला शेफील्डमध्ये नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळताना ॲडम जॉन्सनच्या गळ्याला स्केटचं पातं लागलं आणि त्याचा मृत्यू झाला. पिट्सबर्गकडून तो एनएचएलचे १३ सामने खेळला होता, नंतर स्वीडन आणि जर्मनी करून इंग्लंडला आला होता. या धाग्यात ज्या वाटेबद्दल बोलतोय तीच त्याची वाट होती.

त्यानंतर ब्रिटनच्या लीगने १ जानेवारी २०२४ पासून गळपट्टा सक्तीचा केला, आयआयएचएफने आपल्या स्पर्धांत केला, आणि एएचएलने २०२४-२५ पासून. एनएचएलमध्ये मात्र जुन्या खेळाडूंवर सक्ती नाही. २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्यांना घालावा लागेल. चेहऱ्यावरच्या व्हायझरचंही २०१३ मध्ये असंच झालं, सव्वीसपेक्षा कमी सामने खेळलेल्यांपासून सक्ती आणि बाकीच्यांना मुभा. मला हे पटत नाही. पातं कोणाचे किती सामने झालेत ते पाहून लागत नाही.

घेताना पाहायचं ते कापाला विरोध करणारं कापड आहे का. साधा फोमचा पट्टा पुरत नाही. उंची अशी हवी की हनुवटी खाली केली तरी खालची कड गळ्याखालच्या हाडाला (कॉलरबोनला) टेकलेली राहील. गळपट्टा जोडलेला आतला शर्ट घेतला तर तो सरकत नाही. मनगटाला आणि पोटरीच्या मागे, टाचेच्या वरच्या शिरेजवळ, हेच कापड लावावं. पातं लागण्याच्या जागा याच. धुताना उत्पादकाच्या सूचना पाळाव्यात, नाहीतर तंतू लवकर थकतात.

शिशिरा

हे वाचून थोडं थांबले. धन्यवाद, @अर्धा_इंच.

एक शेवटचं. गोलरक्षकांना २६० चा नियम नाही असं वर आलं. मग त्यांची कारकीर्द सोपी म्हणायची का?

रानवारा

सोपी नाही, वेगळी. एएचएलमध्ये वयाची अडचण नाही, म्हणून तिशी ओलांडलेले गोलरक्षक तिथे दिसतात, बऱ्याचदा तरुणाला सावरायला. पण संघात जागा दोनच, आणि एक खेळतो तेव्हा दुसरा बाकावर. स्केटरला चौथ्या फळीतही आठ-दहा मिनिटं मिळतात. राखीव गोलरक्षकाला तीन आठवडे एकही सामना न मिळणं नेहमीचं.

युरोपात गणित उलटं फिरतं. परदेशी गोलरक्षक घेतला की कोट्यातली एक पूर्ण जागा गेली. स्वित्झर्लंडमध्ये सहामधली एक जागा गोलवर खर्च केली तर पॉवर प्लेसाठी पाचच उरतात. त्यामुळे तिथले क्लब शक्यतो स्विस गोलरक्षकच शोधतात आणि परदेशी गोलरक्षकाला बोलावणं येतं ते स्थानिक माणूस जखमी झाल्यावर, म्हणजे हंगामाच्या मध्यात, तीन दिवसांच्या सूचनेवर. त्याने ट्रान्स्फर कार्डाची कागदपत्रं आणि वैद्यकीय अहवाल तयार ठेवलेले असावेत, आणि उन्हाळ्यापासून कुठेतरी रोज फटके अडवण्याचा सराव चालू ठेवलेला असावा.

खेळही बदलतो. मोठ्या बर्फावर बाजूने बाजूला जाणारे पास लांबचे असतात, म्हणून क्रीजच्या (गोलसमोर आखलेल्या जागेच्या) पुढे येऊन कोन बंद करणारा गोलरक्षक उघडा पडतो. अर्धं पाऊल मागे उभं राहायचं, म्हणजे सरकायचं अंतर कमी होतं. नवख्याला पहिल्या पाच-सहा सामन्यांत गोल बसतात ते बहुतेक मागच्या खांबावर, आडव्या पासावर. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाय आपोआप मागे राहायला लागतात.

निळीरेघ

आणि डाव्होसची श्पेंगलर स्पर्धा विसरू नये. १९२३ पासून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरते आणि कॅनडाचा संघ तिथे मुख्यतः युरोपात खेळणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंमधून उभा राहतो. स्विस क्लबांचे व्यवस्थापक तेव्हा प्रेक्षागृहात असतात. ज्याचा करार एप्रिलमध्ये संपतोय त्याने लीगला सुट्टी म्हणून घरी जाण्याआधी या बोलावण्याची वाट पाहावी.